उजेडाच्या टोकाची सायकल

१

बाटल्या बघणं हे माझं काम. दुपारी दोनला स्टुलावर बसायचं. समोर पांढऱ्या दिव्याची काच, काचेपुढून पट्टा सरकतो, पट्ट्यावरून धुतलेल्या बाटल्या जातात. आत काडी आहे का, माशी आहे का, तडा गेलाय का, एवढं बघायचं. खराब असली की उचलायची, नसली की जाऊ द्यायची. रात्री नऊला भोंगा झाला की उठायचं.

उठल्यावर खरी गंमत. पाव तास सगळीकडं बाटल्याच दिसतात. भिंतीवरून बाटल्या चालल्यात, साहेबाच्या टकलावरून बाटल्या चालल्यात. म्हणून आमच्या खात्यात एक रीत आहे. पाळी सुटल्यावर पाव तास कोणी काही बघितलं म्हणालं तर धरायचं नाही. 'गेटापाशी साप बघितला' असं कोणी ओरडत आलं, तर बाकीचे शांतपणे म्हणणार, 'पाव तासानं सांग.'

मला खात्यात टिचकी म्हणतात. उगाच नाही म्हणत. एकदा मी माझा खोटा दात बाटलीत टाकून पट्ट्यावर सोडला होता. पुढच्या बाईनं किंचाळून पट्टा बंद पाडला. दात परत मिळायला दोन दिवस लागले, तोवर मी पेजेवर होतो, पण हसलो खूप.

तर आम्ही पाच सायकलवाले रात्री एका ओळीत घरी निघायचो. डायनामाचा दिवा फक्त माझ्या सायकलला. म्हणून मी पुढं, मी इंजिन. बाकीचे डबे. अकरा वर्षं हे असंच चाललं. रस्त्यात खड्डा आला की मी ओरडायचो 'खड्डाऽ', आणि नसला तरी मधूनमधून ओरडायचो. चारही जण उगाच वळसा घालायचे. फार सुख होतं हो त्यात.

मग फिटरनं बॅटरी आणली.

फिटर म्हणजे आमची मशिनं दुरुस्त करणारा, चार डब्यांतलाच एक. चाळिशीतला, दात सगळे स्वतःचे. त्यानं हातात धरायची लांबडी बॅटरी जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हँडलला करकचून बांधली. गेटातून निघालो आणि त्यानं बटण दाबलं. माझा डायनामा असा दिसेनासा झाला, जसा कोणी फुंकर मारून घालवला.

"काका, तुम्ही मागं या ना," एक डबा म्हणाला. "तुमच्या काजव्यानं काय दिसतंय?"

मी मागं गेलो. अकरा वर्षांचं इंजिन, शेवटचा डबा झालं.

तेही गिळलं असतं. पण एका रात्री माझं चाक पंक्चर झालं आणि फिटर मला दारापर्यंत सोडायला आला. आमची ही दाराबाहेर आली, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "अगबाई, दिवस उगवला की काय!"

एकेचाळीस वर्षं मी त्या दारातून येतोय. मी आल्यावर दिवस उगवल्याचं तिनं मला एकदाही सांगितलं नाही.

२

दुसऱ्या दिवशी कामाच्या आधी मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. "सगळ्यात मोठी बॅटरी दे," म्हणालो.

दुकानदारानं कपाटाच्या वरच्या फळीवरून एक काढली. माझ्या मनगटाएवढी जाड. "कशाला हवी आजोबा?"

"सायकलला."

"सायकलला नका लावू ही. समोरून येणाऱ्याचे डोळे जातील."

"समोरच्याचेच घालवायचेत," मी म्हणालो आणि घेतली.

डायनामाचा दिवा काढून टाकला, हँडलवर त्या जागी ही बांधली. ट्यूबच्या चार पट्ट्या लावल्या, फिटरच्या तीन होत्या. रात्री गेटापाशी सगळे जमले, फिटरनं त्याची लावली, सगळ्यांनी वा वा केलं. मग मी माझी लावली.

सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. फिटर तेवढा हसला. "इंजिन परत आलं," म्हणाला आणि सायकल बाजूला घेतली. मी त्याच्या अंगावरून पुढं गेलो. काय सांगू, पोट भरल्यासारखं वाटलं.

चौकात चौघे वेगवेगळ्या गल्ल्यांत वळतात. तिथून पुढं मी एकटाच. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला मालगोदामाची भिंत, आणि मध्ये सरळसोट रस्ता.

डायनामाचा उजेड पायाचा असतो. पाय जोरात, तर उजेड जोरात. पाय दमले की तोही दमतो. आपल्या चाकापुढं दोन हात, तेवढंच त्याचं राज्य. बॅटरीचं तसं नाही. तिला तुमच्या पायांशी देणंघेणं नाही. ती आपली पुढं जाऊन बसते. पांढराशुभ्र गोळा लांबवर पडतो, आणि त्या गोळ्याबाहेरचा अंधार पूर्वीपेक्षा दाट होतो. कालवा दिसेना, भिंत दिसेना. गोळा तेवढा दिसतो.

गोळ्याच्या पार टोकाला एक सायकलवाला होता. माझ्याकडं पाठ.

मला आधी रागच आला. बॅटरी मी आणली, सेल माझे, आणि हा बाबा फुकट माझ्या उजेडात चाललाय! स्वतःच्या सायकलच्या मागं लाल भिंगसुद्धा नाही. भिंग असतं तर चमकलं असतं. माझंही फुटलंय, पण मी निदान लोकांच्या उजेडात फिरत नाही.

"ओ दादा!" मी ओरडलो. "खड्डाऽ!"

तो वळला नाही. मी पाय मारले, तोही तेवढाच पुढं. मी हळू झालो, तोही हळू. म्हटलं, पाव तासाची भानगड असेल. बाटल्यांऐवजी आज माणूस दिसतोय. मी पाय टेकून थांबलो, हँडल कललं, गोळा भिंतीवर गेला. परत सरळ केलं तोवर रस्ता रिकामा.

पाव तास केव्हाच होऊन गेला होता. चौकातल्या घड्याळात मीच बघितलं होतं.

घरी पोचून घंटी वाजवली. हिनं दार उघडलं. ती शिंप्याची काजं करते, शर्टांची. गळ्यात दोरा, बोटावर शिवणाचं टोपण.

"दोनदा कशाला वाजवता?" म्हणाली.

"एकदाच वाजवली."

"बरं बाई, एकदाच," ती म्हणाली आणि आत गेली. माझ्याशी वाद घालायचं तिनं फार पूर्वीच सोडलंय.

३

तिसऱ्या रात्री टेबलावर माझा चहाचा कप होता, पिऊन संपवलेला. तळाशी साखर, कप कोमट. पाचव्या रात्री घंटी वाजवली तर ही दारातच उभी, हात कमरेवर.

"आता काय राहिलं?"

"काय राहिलं म्हणजे? वाढ. भूक लागलीय."

"परत?"

मी तिला बाजूला सारून आत गेलो. टेबलावर माझं ताट. पुसून खाल्लेलं. माशाचे काटे ताटाच्या काठाला ओळीनं लावलेले, मोठा, मग त्याहून लहान, मग त्याहून. काटे असे लावायची खोड माझी.

"अगं, मी आत्ता येतोय. ही बघ सायकल, चाक अजून फिरतंय."

ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काय तोंड करता हो! पोटभर जेवलात, माझं सगळं ऐकून घेतलंत, सायकल आत घेतो म्हणून बाहेर गेलात आणि आता घंटी वाजवताय. वय काय आपलं!"

आता याला काय म्हणावं? उजेडातला तो सायकलवाला माझ्यापुढं होता दोन-तीनशे पावलं. तेवढ्या वेळात माणूस बुटाची नाडीही सोडत नाही. हा मासा खाऊन काटे लावून गेला.

"आणि सुया," ती म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "त्या मात्र फार बरं केलंत."

तिच्या सुयांच्या उशीला दहा सुया टोचलेल्या होत्या. दहाही ओवलेल्या. दोरे सारख्या लांबीचे, एका बाजूला विंचरल्यासारखे.

त्या काचेपुढं बसून बसून माझे डोळे गेलेत. लांबचं दिसतं, जवळचं भोक दिसत नाही. सुई मी शेवटची कधी ओवली ते मला आठवतसुद्धा नाही. ही वरच्या मजल्यावरच्या बाईकडून ओवून आणते.

"मी ओवल्या?"

"नाहीतर कोणी? फिटरनं?" ती परत हसली.

तिनं चेष्टाच केली. पण ते नाव माझ्या डोक्यात जाऊन बसलं. फिटर. जवान डोळे. दारात येऊन गेलेला. दिवस उगवला की काय!

खोक्यांवर शिक्के मारायची जांभळी शाई असते आमच्याकडं, हाताला लागली की आठवडाभर जात नाही. दुसऱ्या दिवशी मी ती फिटरच्या हँडलच्या मुठींना लावली, काळ्या रबरावर दिसणार नाही अशी. म्हटलं, ये आता माझ्या घरी, लाव हात कपाला.

त्या रात्री घरी गेलो आणि बॅटरी सोडवून हातात घेतली. कडी बघितली, कप बघितला, चमचा, खुर्चीची पाठ, सुयांची उशी. हिचे हातसुद्धा धरून उलटसुलट बघितले. कुठं जांभळा ठिपका नाही.

"काय शोधताय?"

"काही नाही. तुझे हात बघतोय."

ती लाजली! एकसष्टाव्या वर्षी लाजली. "तुम्ही मघाशी म्हणालात, ते खरंच करायचं ना?" तिनं विचारलं. "काजं बंद करून आठ दिवस बोटीनं जायचं?"

मी काही म्हणालो नव्हतो. मला बोट लागते. पण तिचा चेहरा असा उजळला होता की 'मी नव्हे तो' म्हणायची माझी छाती झाली नाही. आणि खरं सांगू? त्याला श्रेय जायला नको होतं.

"करायचं ना," मी म्हणालो. "मीच म्हणालो ना?"

कारखान्यात फिटर दोन्ही जांभळे तळवे माझ्या नाकाशी नाचवत आला. "काका, हे कोणाचं काम, मला कळत नाही होय?" सगळे हसले. माझ्या घरी येणारा तो नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. बायकोवर आळ घेतला होता मी मनातल्या मनात, तो फिटला. पण बरं वाटलं नाही. फिटर असता तर त्याची कॉलर धरता आली असती. हा कोण, जो माझ्या कपातून पितो, तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकतो, आणि तिला बोटीनं नेतो म्हणतो? गरम जेवण त्याला, हसू त्याला. मला नंतर उरलेलं.

४

"माझ्याबरोबर कालव्यापर्यंत चल," मी फिटरला म्हणालो.

"कशाला? ढकलून द्यायला?"

"चल रे. तुझी बॅटरी लावू नको. माझ्या मागं राहा आणि पुढं काय दिसतं ते सांग."

तो आला. फुकटची गंमत कोण सोडतं. चौक गेला, भिंत सुरू झाली. मी उजेड सरळ धरला.

"दिसतंय का कोणी?"

"दिसतोय की."

"पाव तास झालाय ना?"

"कधीच झाला." मग तो हसायला लागला. "काका, भाऊ आहे का हो तुमचा?"

"मला भाऊ नाही."

"मग बसायला कोणाकडं शिकलाय? अर्धं ढुंगण सीटच्या बाहेर, डावा गुडघा फेकलेला. अगदी तुम्ही! कुठून आणला हा नग? किती दिलेत त्याला?"

त्याला वाटलं, मीच कोणाला तरी उभं केलंय. मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. मी नुसते पाय मारत राहिलो. मागून त्याच्या चेनचा आवाज येत होता, खर्र खर्र. मग तो आवाज थांबला.

"काका."

"काय?"

"त्याच्या पुढं पण उजेड पडलाय."

मी बघितलं. इतके दिवस त्याच्या पाठीकडंच बघत होतो, पाठीपलीकडं कधी बघितलं नव्हतं. माझा गोळा संपतो तिथं तो होता. आणि त्याच्या पुढं, पार लांब, टाचणीच्या डोक्याएवढा दुसरा पांढरा गोळा. त्याच्या टोकालाही काहीतरी हलत होतं. वर खाली, वर खाली. गुडघे हलतात तसं.

"बंद करा ती," फिटर म्हणाला. चेष्टेतलं काही त्याच्या आवाजात राहिलं नव्हतं.

"मी का बंद करू? घर माझं आहे तिकडं."

"काका, मी मागं वळून बघणार नाही. तुम्हीही बघू नका." एवढं बोलून त्यानं सायकल फिरवली आणि अंधारातच निघून गेला. बॅटरी त्यानं चौकात पोचेपर्यंत लावली नसावी, कारण लावली असती तर भिंतीवर दिसली असती.

त्यानं मागं बघू नका असं का म्हणावं? मी मागं बघितलं नाही. पण त्या रात्री घरी जाईपर्यंत माझी मान भरून आली.

दुसऱ्या दिवसापासून फिटरच्या हँडलला बॅटरी नव्हती. तो दुसऱ्या रस्त्यानं जायला लागला, आणि त्याच्या मागं बाकीचे तिघेही. मी परत पुढं होतो. मागं कोणी नव्हतं.

५

शेवटी मी सरळ हिशोब केला. उजेड नाही, तर उजेडाच्या टोकाचा माणूस नाही. बॅटरी हँडलवरून सोडवली, कारखान्यातल्या माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं. सेल काढून खिशात घातले, म्हणजे वॉचमनलासुद्धा पेटवता येऊ नये. मी असल्या खोड्या लोकांना करतो, म्हणून मला माहीत, काय काय बंद करावं लागतं.

कालव्याचा रस्ता अंधारात गेलो. हाताला भिंतीचा थंडावा लागत होता, तेवढ्यावर सायकल सरळ ठेवली. पुढं कोणी नाही. पायडल मारताना मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, लेका, आज मी आधी.

घंटी वाजवली. हिनं दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघितलं.

"उजेड दिसला नाही आज."

"सेल संपले."

कप कोरडा होता, ताट स्वच्छ होतं. मी जिंकलो होतो. गरम गरम बटाटे आणि अंडी खाल्ली, आणि मनाशी ठरवलं, आज तिचं सगळं ऐकायचं. मध्ये तोंड घालायचं नाही. तो ऐकतो ना, मग मीही ऐकतो.

ती सांगायला लागली. शिंप्यानं अकरा शर्ट परत पाठवले, काजं लहान झाली म्हणाला, बटणंच त्यानं मोठी घेतली होती. ती म्हणाली, "मी त्याला म्हटलं–"

"म्हटलं, गिऱ्हाइकालाच लहान कर," मी बोलून गेलो.

निघालं तोंडातून. एकेचाळीस वर्षांची सवय.

"काल तर ऐकत होतात," म्हणाली. मग तिनं उशीवरून एक सुई काढली, दोरा काढला, आणि माझ्यापुढं धरला.

मी सुई घेतली. दिव्यासमोर धरली, बाटली धरतो तशी. दोरा थुंकीनं ओला केला. एकदा सुईच्या उजवीकडून गेला, एकदा डावीकडून. मग टोकाला फुटून त्याचे दोन झाले. मी मान लांब केली, जवळ आणली. ती सुईकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. आत काडी आहे का, तडा गेलाय का, असं.

तेवढ्यात आमच्या छतावर उजेड आला.

कालव्याच्या वळणावरून कोणी आलं की उजेड खिडकीतून छतावर चढतो आणि डावीकडून उजवीकडं सरकतो. तो सरकला. कपाट पांढरं झालं, भिंत पांढरी झाली, हिचा चेहरा पांढरा झाला. मी खिशात हात घातला. सेल तिथंच होते, चारही.

बाहेर चाकाची टिकटिक हळू होत थांबली. स्टँड लागला. घंटी वाजली. एकदाच.

"उघडू नको," मी म्हणालो.

तिनं दाराकडं बघितलं. मग परत माझ्याकडं. मी तिला काहीतरी सांगायला हवं होतं, असं काही, जे फक्त मलाच माहीत. लग्नाच्या वेळचं, मुलगी झाली तेव्हाचं. डोक्यात आले ते सगळे विनोदच.

तिनं माझ्या हातातून सुई अलगद काढून घेतली. "असू द्या," म्हणाली. "तुम्हाला कशाला त्रास."

उठताना तिनं गळ्यातला दोरा काढून ठेवला, केस कानामागं सारले. माझ्यासाठी दार उघडायला आली तेव्हा दोरा गळ्यात होता.

"अहो, आले, आले!" तिनं दाराला सांगितलं.

मी खुर्चीवरून अर्धा उठलो. ती थांबली, वळली, आणि माझ्याकडं बघून हसली. छान हसली. आमच्याकडं कोणी आलं आणि मी घरात नसलो की ती असंच हसून बसवून घेते.

"बसा ना," ती म्हणाली. "हे आलेच."

कडी निघाली. उजेड असा आत आला की दार कुठं आणि भिंत कुठं कळेना. ती त्याच्यात काळी दिसत होती. तिच्या खांद्यावर एक हात आला, ती जराशी बाजूला झाली, आणि कोणीतरी उंबऱ्यावरून मान तिरकी करून आत डोकावलं.

"कोण आलंय गं?" त्यानं विचारलं.

ती लगेच बोलली नाही. मी खुर्चीत पुढं वाकलो, कानामागं हात धरला. ती काय सांगते ते मलाही ऐकायचं होतं.